उभी लागवड कशी दाखवायची? औद्योगिक वनीकरण आणि कला

तुम्ही प्रदर्शनाचा आराखडा पाठवून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. औद्योगिक वनीकरणाचे निसर्गावर आणि माणसांवर होणारे परिणाम कलेतून मांडायचे आहेत. सरसकट तोड झालेल्या जमिनींचे फोटो जमवून झाले आहेत, पण बघणारे म्हणतात, 'हे तर पाहिलंय.' मग वेगळं काय करायचं? आणि इतके अहवाल, इतके आकडे असताना कलेनं नेमकं कोणतं काम करायचं? शिवाय प्रदर्शनाची मांडणी कोणत्या लाकडावर, कागदावर करायची?

माझं शिक्षण वनशास्त्राचं. पुढची बरीच वर्षं चित्रकार, छायाचित्रकार आणि आवाज टिपणाऱ्या मंडळींबरोबर प्रदर्शनं उभी करण्यात गेली. त्यामुळे दोन्ही अंगांनी सांगते. तोडलेलं रान दाखवणं सोपं असतं. उभी लागवड दाखवणं अवघड असतं, आणि बरंचसं नुकसान तिथेच लपलेलं असतं. बुडख्यांचा फोटो पाहून माणूस हळहळतो. काही वर्षांनी त्याच जागी हिरव्यागार रांगा उभ्या राहिल्या की तोच माणूस म्हणतो, 'चला, रान परत आलं.' लागवड करणाऱ्यांच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नेमका हा दुसरा फोटो असतो. तुमचं काम या दुसऱ्या फोटोवर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. झाडं सरळ रांगेत, एकाच वयाची, एकाच जातीची लावायची आणि ठरल्या वर्षी एकदम कापायची, ही औद्योगिक वनीकरणाची पद्धत जर्मन प्रदेशांत घडली. सॅक्सनीतल्या खाणींना लाकूड कमी पडू लागलं तेव्हा खाणखात्यातल्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये जंगल हिशेबानं वापरण्यावर ग्रंथ लिहिला. पुढच्या दीडशे वर्षांत त्या हिशेबातून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या रांगा उभ्या राहिल्या. पहिली पिढी जोमदार आली, कारण ती जुन्या मिश्र जंगलानं मातीत साठवलेल्या ठेवीवर वाढत होती. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत अनेक ठिकाणी वाढ मंदावली, वादळं आणि किडी यांच्यापुढे ही रानं लवकर आडवी होऊ लागली. तोवर पद्धत मात्र जगभर पोचली होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस हेही जर्मनच.

जागतिक अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२० च्या आढाव्यात अशा सघन लागवडी सुमारे १३.१ कोटी हेक्टर, म्हणजे जगातल्या वनक्षेत्राच्या ३ टक्के नोंदल्या आहेत. त्यांतल्या ४४ टक्के लागवडींत मुख्य झाडं बाहेरून आणलेली आहेत. दक्षिण अमेरिकेत हेच प्रमाण ९७ टक्के आहे. ब्राझीलमध्ये कागदाच्या लगद्यासाठी लावलेली निलगिरी सहा-सात वर्षांत कापणीला येते. आपण ज्याला जंगल म्हणतो त्याच्या काळाशी या काळाचा काही संबंध उरत नाही.

लागवड म्हणजे पाप, असं मला म्हणायचं नाही. कागद, फळ्या, प्लायवूड मलाही लागतं. पडीक जमिनीवर नीट विचार करून केलेली लागवड नैसर्गिक जंगलावरचा भारही हलका करू शकते. त्या जागी आधी काय होतं, पाणी कुणाचं आटलं आणि सातबारा कुणाच्या नावावर गेला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय मात्र कुठल्याही लागवडीबद्दल काही बोलू नये. हे तिन्ही प्रश्न साध्या फोटोत दिसत नाहीत. कलेला जागा मिळते ती इथे.

डोळा किती फसतो, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण कानाचं आहे. ध्वनिकार बर्नी क्राउस यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातल्या लिंकन मेडो या कुरणावर पहाटेचे आवाज टिपले. त्यानंतर तिथे निवडक तोड होणार होती. अख्खं रान कापायचं नाही, मधूनमधून झाडं काढायची, म्हणजे परिसराला धक्का लागणार नाही, असं लाकूड कंपनीनं गावकऱ्यांना सांगितलं होतं. वर्षभरानं, त्याच ऋतूत, त्याच वेळी, त्याच जागी क्राउस पुन्हा गेले. फोटोत फरक शोधून सापडत नाही. ध्वनिमुद्रण ऐकलं तर ओढ्याची खळखळ आणि एका सुतार पक्ष्याची टकटक सोडली तर फारसं काही उरलेलं नाही. आधीच्या मुद्रणात पक्ष्यांचा थर एवढा दाट आहे की त्याचा ध्वनिआलेख भरगच्च विणलेला दिसतो. २०१६ मध्ये पॅरिसच्या फोंदास्यों कार्तिए या कलासंस्थेत क्राउस यांच्या ध्वनिसंग्रहावर मोठं प्रदर्शन झालं, त्यात हे आलेख भिंतभर सरकताना दिसायचे. तुमच्याकडे साधा रेकॉर्डर असेल तर जवळच्या नैसर्गिक रानात आणि लागवडीत एकाच आठवड्यात, एकाच वेळी, एकाच उंचीवर माइक लावून मुद्रण करा. आवाजाची पातळी नंतर वाढवू नका. लागवडीतली शांतता ही तुमची सामग्री आहे, ती 'सुधारली' की पुरावा गेला.

दुसरा मार्ग खोडाच्या चकतीचा. यावर थोडी रेंगाळते, कारण वनशास्त्र आणि मुद्राचित्रण, म्हणजे ठसे घेण्याची कला, इथे सहज एकत्र येतात. दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत उगवलेल्या स्प्रूस किंवा फरची चकती घेतली तर मध्यभागी वाढीची वार्षिक वलयं इतकी दाट असतात की भिंगाशिवाय मोजता येत नाहीत. ते रोप कित्येक वर्षं सावलीत थांबून राहिलेलं असतं. शेजारचं मोठं झाड पडलं, ऊन आलं, की तिथून वलयं रुंदावतात. लागवडीतल्या झाडात क्रम उलटा. मध्यभागी बोटभर रुंद, सैल वलयं, कारण रोपाला पहिल्या दिवसापासून मोकळं ऊन मिळालं. मग शेजारच्या रांगांच्या फांद्या भिडल्या की वलयं अरुंद होतात, आणि विरळणी झाली, म्हणजे मधली काही झाडं काढली, की एक-दोन वर्षांत पुन्हा रुंद. म्हणजे कोणत्या वर्षी काय करायचं ही व्यवस्थापकाची कार्यआयोजना लाकडातच छापलेली असते. उतारावरचं झाड असेल तर दरीकडच्या बाजूची वलयं जाड आणि लालसर दिसतात, झाडानं स्वतःला सरळ ठेवायला केलेल्या धडपडीची ती खूण.

चकती सावलीत हळूहळू वाळवा. उन्हात ठेवली तर गाभ्यापासून सालीपर्यंत भेग जाते. (एखादी भेग पडतेच, ती लपवू नका.) पृष्ठभाग आधी जाड, मग बारीक सँडपेपरनं सपाट करा. ब्लोटॉर्चची ज्योत वरून फिरवली की वसंतात वाढलेलं मऊ लाकूड आधी जळतं. तारेच्या ब्रशनं काजळी काढली की उन्हाळ्याच्या अखेरीचं टणक लाकूड कडांसारखं उभं राहतं. रोलरनं घट्ट शाई अगदी पातळ लावा, वर पातळ हातकागद ठेवा आणि प्रेस न वापरता बोटानं किंवा चमच्याच्या पाठीनं घासा. वलयं एकेक करून वर येतात. जुन्या झाडाचा आणि लागवडीतल्या झाडाचा ठसा एकाच आकाराच्या कागदावर शेजारी लावले की पाहणारा आपोआप मोजू लागतो. उष्ण प्रदेशातल्या निलगिरीत मात्र वलयं बहुधा स्पष्ट नसतात. तिच्यावर हा प्रयोग करायला गेलात तर हाती काळा गोळा येईल. पाइन किंवा स्प्रूस घ्या.

आता बुडख्यांकडे येऊ, कारण ते तुमच्याकडे आहेतच. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एमिली कार १९३० च्या दशकात तोड झालेल्या माळांची चित्रं काढत होत्या. त्यांचं १९३५ चं एक चित्र व्हँकुव्हर आर्ट गॅलरीत आहे, त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'इमारती लाकूड म्हणून नाकारलेलं, आकाशाचं लाडकं' असा. लाकूडतोड्यांनी बिनकामाचं म्हणून सोडलेलं एक शेलाटं झाड, आणि भोवती वर्तुळं घेत उसळणारं आकाश. नुकसान दाखवायला त्यांनी जे उरलं ते रंगवलं, आणि ते का उरलं हे नावात सांगितलं. झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचं तिथे आधी खाच घेतात, मग मागून करवत चालवतात, आणि मधे लाकडाची एक पट्टी मुद्दाम न कापता ठेवतात. ती बिजागरीसारखी झाडाला दिशा देते आणि शेवटी फाटते. बुडख्यावरच्या या फाटक्या, उभ्या धाग्यांना कार यांनी आपल्या रोजनिशीत 'किंचाळणाऱ्या' असं नाव दिलं होतं. तुमच्या फोटोंत ही पट्टी शोधा. करवतीनं माणसानं कापलेल्या बुडख्यावर ती सापडेल. हार्वेस्टर यंत्रानं कापलेल्या बुडख्यावर सहसा सापडणार नाही, कारण यंत्र झाड धरून एका दमात कापतं, मिनिटभरात फांद्या सोलून तुकडेही करतं. म्हणजे बुडखा पाहून तिथे किती माणसं कामाला होती याचा अंदाज येतो. सामाजिक परिणामाची याहून थेट खूण क्वचितच मिळते.

पण कार यांच्या पिढीच्या निसर्गचित्रांवर एक रास्त आक्षेप आहे. त्यांतली जमीन बहुतेक वेळा निर्मनुष्य दिसते, जणू तिला कुणी धनी नव्हताच. कोस्ट सेलिश आणि ओकानागन वंशाचे चित्रकार लॉरेन्स पॉल युक्सवेलुप्टन यांनी १९९१ मध्ये याच प्रदेशाच्या तोडीवर मोठं चित्र केलं. त्याचं लांबलचक नाव सांगतं: होरपळलेली भूमी, मूलनिवासींच्या सार्वभौम जमिनीवरची सरसकट तोड, आणि दुरुस्त करायला येणारा शामान, म्हणजे मांत्रिक-वैद्य. मालकीचा दावा नावातच. दोनच वर्षांनी, १९९३ च्या उन्हाळ्यात, व्हँकुव्हर बेटावरच्या क्लेओक्वट साउंडमध्ये तोडीविरुद्ध रस्ता अडवणाऱ्या ८०० हून अधिक लोकांना अटक झाली.

मालकी हा चित्रात आणायला सगळ्यात अवघड विषय. चिली देशाचं उदाहरण घ्या. १९७३ च्या लष्करी उठावाआधीच्या कृषी सुधारणांत तिथल्या मूलनिवासी मापुचे समाजाला परत मिळालेल्या जमिनींपैकी बऱ्याच उठावानंतर पुन्हा हातच्या गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक पुढे लाकूड कंपन्यांकडे पोचल्या. १९७४ च्या ७०१ क्रमांकाच्या हुकूमनाम्यानं लागवडीचा ७५ टक्के खर्च सरकार भरून देऊ लागलं. कॅलिफोर्नियातून आणलेला रेडिएटा पाइन आणि निलगिरी यांनी डोंगरच्या डोंगर व्यापले. आज त्या भागातल्या कित्येक वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी द्यावं लागतं. २०१७ च्या जानेवारीत लागवडींनी वेढलेलं सांता ओल्गा हे गाव वणव्यात जवळपास संपूर्ण जळालं.

यातली पाण्याची बाजू विज्ञानानं पक्की केलेली आहे. जगभरच्या पाणलोटांच्या नोंदी एकत्र करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गवताळ किंवा झुडपी जमिनीवर लागवड केल्यावर ओढ्यांचा प्रवाह सरासरी ५२ टक्क्यांनी घटलेला आढळला. १३ टक्के ओढे तर निदान एक वर्ष पूर्ण कोरडे पडले. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या जल कायद्यात व्यापारी वनीकरणाला 'प्रवाह घटवणारं काम' म्हणून नोंदलं आहे आणि त्यासाठी पाणीपरवाना लागतो. हे वाचून पटतं, पण अंगावर येत नाही. मापुचे कलाकार सेबा काल्फुकेओ यांच्या 'द्रव अस्तित्व' अशा अर्थाच्या २०२० च्या चित्रफितीत कलाकाराचा देह नदीच्या पाण्यावर दोरांनी टांगलेला आहे. पाण्याचे हक्क खरेदी-विक्रीला खुले करणारा चिलीचा १९८१ चा कायदा या कामामागे आहे. कायद्याचं कलम आणि थंड पाण्यातलं शरीर एकाच चौकटीत आलं की विषय समजावून सांगावा लागत नाही. त्याच देशातल्या सेसिलिया विकुन्या यांनी २०२२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या दालनात २७ मीटर उंचीवरून पांढुरकी लोकर, दोर आणि सापडलेल्या वस्तू यांचे झुबके लोंबत सोडले. अँडीजमधल्या गाठींच्या नोंदपद्धतीचा आधार घेत त्यांनी जंगलं आणि मूळ समाज यांच्या विनाशाचा शोक मांडला. काम भव्य आहे. पण मला स्वतःला काल्फुकेओंचं काम जास्त शिकवतं, कारण ते एका नेमक्या कायद्यावर बोट ठेवतं.

शिल्पकार फ्रान्स क्रायचबर्ग यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. पोलंडमध्ये जन्मलेला, नाझी नरसंहारात कुटुंब गमावलेला हा माणूस १९४८ मध्ये ब्राझीलला पोचला आणि पाराना राज्यात एका कागद कंपनीत नोकरीला लागला. तिथे त्यानं जंगलं जळताना पाहिली, नोकरी सोडली, आणि पुढचं आयुष्य जळके ओंडके, मुळं आणि खाणींतल्या मातीचे रंग यांतून शिल्पं घडवण्यात घालवलं. १९७० च्या दशकापासून ते ब्राझीलच्याच बाहिया राज्याच्या दक्षिण भागात राहिले. पुढे त्याच पट्ट्यात निलगिरीच्या लागवडी पसरल्या. त्यांच्या शिल्पांत कोळसा झालेलं लाकूड वेलीसारखं वर चढतं, आणि शोभेच्या जवळ जाऊनही शोभेचं होत नाही, कारण जळकेपणा झाकलेला नसतो. शेजारच्या एस्पिरितो सांतो राज्यात तुपिनिकिम आणि ग्वारानी या मूलनिवासी समाजांनी निलगिरीखाली गेलेल्या जमिनीसाठी अनेक दशकं लढा दिला. २००७ मध्ये सरकारनं सुमारे ११,००० हेक्टरवरचा त्यांचा हक्क मान्य केला. तिथले लोक अशा लागवडीला 'हिरवं वाळवंट' म्हणतात.

युरोपच्या उत्तरेत चित्र वेगळं, कारण तिथे झाडं देशीच असतात आणि म्हणून नुकसान आणखी लपतं. फिनलंडमध्ये १९४० च्या दशकाअखेरपासून २०१४ पर्यंत निवडक तोडीला प्रत्यक्षात जागाच नव्हती. सरसकट तोड, जमीन नांगरणं, पुन्हा रांगा हाच राजमार्ग. रित्वा कोवालाइनेन आणि सान्नी सेप्पो या छायाचित्रकार जोडीनं २००९ मध्ये या विषयावरच्या आपल्या कामाला नाव दिलं ते वनखात्याच्या भाषेतलं, साधारण 'वनसंवर्धनाची कामं'. कोरड्या नावाखाली उखणलेली जमीन पाहिली की चीड आपोआप येते, कलाकाराला ओरडावं लागत नाही. शेजारच्या स्वीडनमध्ये २०१६ च्या एका अभ्यासानुसार जमिनीवर दगडफूल वाढणारी रानं साठ वर्षांत ७१ टक्क्यांनी घटली. हिवाळ्यात रेनडिअर त्यावरच जगतात आणि तिथले मूलनिवासी सामी पशुपालक रेनडिअरवर. २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकी या कलाप्रदर्शनात नॉर्डिक दालन पहिल्यांदाच सामी दालन झालं. तिथे पाउलीना फेओदोरोफ यांनी नुसता प्रयोग सादर करून न थांबता कलाबाजारातला पैसा तोडीचा धोका असलेली जमीन राखण्याकडे वळवायची योजना मांडली.

आता दोन सापळे. पहिला सौंदर्याचा. ड्रोननं वरून टिपलेल्या लागवडीच्या रांगा आणि तोडीचे चौकोन फार देखणे दिसतात. असे फोटो मोठे छापून भिंतीवर लावले की लोक आकृतिबंधाचं कौतुक करत पुढे जातात. उंचीवरचा फोटो वापराच, पण त्यावर कक्ष क्रमांक (म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचा क्रमांक), लावणीचं वर्ष आणि तोडीचं नियोजित वर्ष छापा. आणि एक फोटो जमिनीवरून, गुडघ्याच्या उंचीवरून घ्या: वाळक्या खालच्या फांद्या, पाइनच्या सुयांचा किंवा पानांचा एकसारखा थर, खाली झुडपं नाहीत.

दुसरा सापळा झाडं लावण्याच्या कलेचा. कलाकार योसेफ बॉइस यांचे जर्मनीतल्या कासेल शहरातले ७,००० ओक (१९८२ ते १९८७, प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा खांब) किंवा आग्नेस डेनेस यांनी फिनलंडमधल्या जुन्या खडीच्या खाणीवर ११,००० माणसांकडून लावून घेतलेली ११,००० झाडं ही थोर कामं आहेत. डेनेस यांची पाइनची झाडंही गणिती रचनेत, एकाच जातीची आहेत. वरवर पाहता लागवडच. फरक असा की ती ४०० वर्षं राखायची आहेत आणि प्रत्येक झाडाला एक माणूस बांधलेला आहे. ही अट काढली की उरतो तो प्रायोजकाला आवडणारा वृक्षारोपण सोहळा. कुणी 'तुमच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं झाडं लावू' म्हणालं तर कोणती, कुणाच्या जमिनीवर आणि कापणार कधी, एवढं विचारा. उत्तर लवकर येत नाही.

तुमच्या आराखड्यात लागवडीत राबणारी माणसं अजिबात नाहीत, हे मला खटकलं. कंत्राटावर रोपं लावणारी, तणनाशक फवारणारी, करवतीच्या कंपनांनी बोटं बधिर झालेली ही माणसं बहुतेकदा त्याच गावांतली असतात ज्यांचं पाणी आटलेलं असतं. एका घरात एक भाऊ आंदोलनात आणि दुसरा रोजंदारीवर, हे अगदी नेहमीचं. त्यांना 'कंपनीची माणसं' म्हणून बाजूला ठेवलंत तर प्रदर्शन अर्धवट राहील. मुलाखत घेताना नाव छापायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या, छापण्याआधी त्यांना दाखवा, आणि नकार आला तर तो माना. त्यांची रोजी त्यावर अवलंबून असते.

राहता राहिलं तुमचं शेवटचं विचारणं, प्रदर्शनाची मांडणी कशावर करायची. हा प्रश्न किरकोळ नाही, कारण चौकटी, प्लायवूड, छपाईचा कागद सगळं याच उद्योगातून येतं. कलाकार केटी पॅटरसन यांनी ते थेट कबूल केलं आहे: ऑस्लोजवळ २०१४ मध्ये १,००० स्प्रूस लावले, ते २११४ मध्ये कापून त्यांच्या कागदावर पुस्तकं छापायची. फॉर्माफान्तास्मा या रचनाकार जोडीनं २०२० मध्ये लंडनच्या सर्पेन्टाइन गॅलरीत लाकूड उद्योगावर प्रदर्शन केलं, तेव्हा मांडणीसाठी इटलीतल्या फिएम्मे खोऱ्यात २०१८ च्या वादळात पडलेल्या झाडांचं लाकूड वापरलं. तुम्हाला असं लाकूड मिळेलच असं नाही. मग साधा उपाय करा. प्रत्येक चौकटीच्या पाटीवर कलाकृतीच्या माहितीखाली त्या लाकडाची जात, ते कुठून आलं आणि कुणाकडून घेतलं हे लिहा. विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर पाटीवर 'माहिती मिळाली नाही' एवढंच छापा.